विहिरीची साक्ष

वाङ्मयाला वाहिलेल्या नियतकालिकात भूगर्भातील पाण्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही अध्यापक-मित्रांच्या मनात येईल, आणि तो अगदीच गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. पाण्याचे मोजमाप अभियंत्याने करावे, त्यावरील हक्काचा निर्णय न्यायाधीशाने द्यावा आणि पाण्यावाचून होणाऱ्या हालांची बातमी वृत्तपत्राने छापावी, अशी कामाची वाटणी आपल्याकडे रूढ आहे. परंतु केरळातील प्लाचिमडा या गावी या शतकाच्या आरंभी जो तंटा झाला, त्यासंबंधीचे लेखन वाचताना आमच्या ध्यानात आले की, तंटा पाण्याचा असला तरी त्याचा निर्णय अखेर शब्दांवर येऊन ठेपला. हे पाणी कोणाचे, आणि त्यातून किती घेतले म्हणजे ते पुष्कळ झाले, या दोन साध्या प्रश्नांतील 'कोणाचे' व 'किती' यांचा अर्थ कोणी लावावयाचा, हाच खरा वाद होता. शब्दांचे अर्थ तपासणे हे तर टीकाकाराचे नित्याचे काम. म्हणून त्या एका गावातून निर्माण झालेले तीन लेख आम्ही येथे एकत्र वाचावयास घेतले आहेत. मयिलम्मा नावाच्या आदिवासी स्त्रीने सांगितलेले व ज्योतिबाई परियाडत् यांनी मल्याळममध्ये शब्दबद्ध केलेले जीवनवृत्त हा त्यांतील एक. उरलेले दोन म्हणजे केरळ उच्च न्यायालयाची १६ डिसेंबर २००३ आणि ७ एप्रिल २००५ या तारखांची निकालपत्रे. निकालपत्रास वाङ्मय म्हणून कोणी मानीत नाही हे आम्हांस ठाऊक आहे. पण ज्या गद्याने हजारो माणसांच्या घागरी भरतात किंवा रित्या राहतात, ते गद्य टीकेच्या कक्षेबाहेर का ठेवावे हे आम्हांस उमगत नाही.

प्रथम हकीकत. प्लाचिमडा हे पालक्काड जिल्ह्याच्या चित्तूर तालुक्यात, पेरुमाट्टी ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते. केरळ म्हटले की आपल्या मनश्चक्षूंपुढे धो धो पाऊस उभा राहतो. पण हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, आणि तामिळनाडूची सीमा तेथून जवळच आहे. वस्ती इरवाळर, मलसर या आदिवासी जमातींची व भूमिहीन मजुरांची. २००० साली पंचायतीने दिलेल्या परवान्यावर कोका-कोला कंपनीच्या भारतीय शाखेने तेथे सुमारे ३४ एकर जमिनीवर शीतपेयाचा कारखाना चालू केला. कारखान्याने जमिनीत बोर मारले. फार दिवस लोटले नाहीत तोच आसपासच्या विहिरींचे पाणी खोल गेले, आणि जे उरले ते खारट व जड लागू लागले. त्या पाण्यात डाळ शिजेना, रांधलेला भात टिकेना, अंघोळ केली तर अंगास खाज सुटे. बायकांना दूरवरून घागरी आणाव्या लागू लागल्या आणि त्यात मजुरीचा दिवस बुडू लागला. २२ एप्रिल २००२ रोजी कारखान्याच्या फाटकासमोर मांडव घालून धरणे सुरू झाले. एप्रिल २००३ मध्ये त्याच पंचायतीने परवान्याचे नूतनीकरण नाकारले. त्याच वर्षी जुलैमध्ये बीबीसी नभोवाणीच्या एका कार्यक्रमाने, कारखाना जो गाळ शेतकऱ्यांस खत म्हणून देत होता त्यात शिसे व कॅडमियम ही विषारी द्रव्ये असल्याचे जगापुढे आणले. मार्च २००४ मध्ये उत्पादन थांबले, ते पुन्हा सुरू झाले नाही.

येथे थोडे भूगोलाच्या तासासारखे बोलावे लागत आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. कठीण खडकाच्या प्रदेशात पाणी भूमीखाली एखाद्या तळ्यासारखे साठलेले नसते. पावसाचे पाणी वरच्या मातीतून व मुरुमातून पाझरते आणि खालच्या खडकाच्या भेगांत उतरते. गावची विहीर या वरच्या थरातील पाझरावर जगते. बोर खालच्या भेगेत घुसतो. खालची भेग रात्रंदिवस उपसली की वरचा पाझर तिकडे ओढला जातो, आणि बोराभोवती पाण्याची पातळी नरसाळ्याच्या आकाराने खाली बसते. ते नरसाळे मालकीच्या कुंपणाशी थांबत नाही. कुंपणापलीकडच्या विहिरीचा तळ उघडा पडतो तेव्हा विहिरीच्या धन्याच्या जमिनीत कोणीही पाऊल टाकलेले नसते, कोणी तसूभर माती उचललेली नसते. सगळे बांध जागच्या जागी असतात. चोरी झाली म्हणावे तर चोर दिसत नाही. (सरकारी कागदात बोरास 'कूपनलिका' म्हणतात. हा शब्द ज्याने घडविला त्याला संस्कृत येत होते यात शंका नाही. पण 'बोर मारला' या बोलीतील क्रियापदात खडकाला बसणारा जो घाव ऐकू येतो, तो 'कूपनलिके'त नाही.)

आता मयिलम्मेच्या पुस्तकाकडे वळू. आम्ही ते वाचले स्वर्णलता रंगराजन व श्रीजित वर्मा यांनी केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी अनुवादातून, हे आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे. मयिलम्मा निरक्षर होती. कारखान्याच्या फाटकासमोरील धरण्यात ती आघाडीवर राहिली, आणि जानेवारी २००७ मध्ये वारली. तिचे जीवनवृत्त तिच्याच तोंडी प्रथमपुरुषात दिलेले आहे. लेखणी मात्र कवयित्रीची. अशा 'सांगितलेल्या' आत्मवृत्तात सांगणारी कोठे संपते व लिहिणारी कोठे सुरू होते हा प्रश्न नेहमीच येतो. काही विद्वानांना तो इतका महत्त्वाचा वाटतो की, मूळ हकीकत बाजूला राहून ते त्यातच रमतात. आमच्या मते येथे त्याचे उत्तर पुस्तकाच्या विषयातच आहे. ज्या स्त्रीने पाण्यासंबंधी बोलावयाचे, तिच्यापाशी मोजण्याचे एकही उपकरण नाही. तिच्यापाशी जीभ आहे, कातडी आहे, चुलीवरचे भांडे आहे. पाणी बिघडले हे तिला प्रयोगशाळेच्या आधी कळले, कारण त्या पाण्यात रांधावे तिला लागत होते. पुढे तज्ज्ञांनी पाण्याचे नमुने नेऊन क्षारांचे जे आकडे काढले, ते तिच्या जिभेने दिलेल्या निकालाचे भाषांतरच होते. हे ज्ञान पुस्तकी भाषेत उतरविताना सहसा 'भावना' या सदरात टाकले जाते. येथे ते ज्ञान म्हणूनच उभे राहते, ही या पुस्तकाची थोरवी. कवयित्रीच्या लेखणीने त्यास सजविले नाही, याचे श्रेय तिला दिले पाहिजे.

तथापि एका गोष्टीविषयी आम्हांस तक्रार करावीशी वाटते, आणि ती इंग्रजी आवृत्तीच्या शीर्षकाविषयी आहे. मल्याळम पुस्तकाचे नाव 'मयिलम्मा : ओरु जीवितम्', म्हणजे 'मयिलम्मा : एक जीवन', इतके साधे. इंग्रजीत ते होते 'एका आदिवासी पर्यावरण-योद्ध्याचे जीवन' अशा अर्थाचे. अनुवादकांचा हेतू आदराचाच असणार. पण 'योद्धा' म्हटले की आपण तिला विहिरीच्या काठावरून उचलून चौथऱ्यावर बसवितो, आणि एकदा पुतळा झाला की त्यास हार घालावयाचा असतो, त्याची साक्ष नोंदवावयाची नसते. मयिलम्मा साक्षीदार होती. तिला पर्यावरण वाचवावयाचे नव्हते. तिला स्वयंपाकापुरते पाणी हवे होते. या मागणीत काही कमीपणा आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी एक आठवडा जड पाण्यात डाळ शिजवून पाहावी.

या साक्षीशेजारी ठेवून पहिले निकालपत्र वाचले पाहिजे. न्यायमूर्ती के. बालकृष्णन नायर यांनी डिसेंबर २००३ मध्ये सांगितले की, भूजल ही सर्व जनतेची मालमत्ता आहे. शासन हे तिचे मालक नसून विश्वस्त आहे. आणि कोणा एकास ती वाटेल तेवढी उपसू देण्याचा अधिकार विश्वस्ताला नाही. हा सिद्धांत महत्त्वाचा खराच. पण आमचे लक्ष वेधून घेतले ते त्यातील मापाने. कंपनीने पाण्याची दुसरी सोय पाहावी असे सांगतानाच न्यायमूर्तींनी तिला काही पाणी घेण्याची मुभा दिली. ते किती? तर ३४ एकरांचा एखादा जमीनधारक आपल्या पिकांस व घरास साधारणपणे जेवढे वापरील तेवढे. या एका वाक्यात एक सबंध माणूस उभा आहे. कंपनी कितीही मोठी असो, गावात आल्यावर तिने चौतीस एकरांच्या शेतकऱ्याएवढेच व्हावे. शेजारी म्हणून राहावे, आणि शेजाऱ्याने जेवढे घ्यावे तेवढेच घ्यावे. कादंबरीकारास पात्र जसे दिसते तसा न्यायमूर्तींना हा शेतकरी दिसला असावा. कायद्याच्या गद्यात अशी कल्पकता क्वचित आढळते.

दुसरे निकालपत्र याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाचे. एप्रिल २००५ मध्ये या पीठाने ठरविले की, स्पष्ट कायदेशीर मनाई नसेल तर जमीनधारकास आपल्या जमिनीतील पाणी वाजवी प्रमाणात काढण्याचा हक्क आहे आणि पंचायतीस तो नाकारता येणार नाही. 'वाजवी' म्हणजे किती हे ठरविण्यासाठी न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमलेली होती. तिच्या अहवालाच्या आधारे, सर्वसाधारण पर्जन्यमानाच्या वर्षी रोज ५ लाख लिटर पाणी काढण्यास हरकत नाही, असा निर्णय झाला. समितीचे गणित चुकले असे म्हणण्याचा अधिकार आमच्यासारख्या कला शाखेच्या पदवीधरास नाही. आमचा आक्षेप गणितावर नाही, भाषेवर आहे. चौतीस एकरांचा शेतकरी निघून गेला आणि त्याच्या जागी पाच लाख हा आकडा आला. आकड्याला शेजारी नसतो. हल्ली ग्रामीण नळयोजनांसाठी माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे शासनाचे प्रमाण आहे. त्या हिशेबाने पाच लाख लिटर म्हणजे नऊ हजार माणसांचे पाणी. हा भागाकार निकालपत्राच्या केंद्रस्थानी असावयास हवा होता. पुन्हा 'सर्वसाधारण पर्जन्यमान' हे शब्द पाहा. पर्जन्यछायेतील गावात सर्वसाधारण वर्ष हे बहुधा कागदावरच असते, आणि बायकांनी घागरी घेऊन चालावयाचे असते ते नेमके बाकीच्या वर्षांत.

आमच्या मते या दोन न्यायासनांमधील मतभेद पक्षपाताचा नाही. दुसऱ्या पीठाने कंपनीची बाजू घेतली असे म्हणणे सोपे आहे, पण ते वाचन उथळ ठरेल. त्या पीठाने एका जुन्या वाक्याची बाजू घेतली. त्या वाक्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. १८४३ साली इंग्लंडात एका सूतगिरणीवाल्याची विहीर शेजारच्या कोळशाच्या खाणीमुळे आटली, आणि त्याने दावा लावला. न्यायालयाने तो फेटाळला. कारण असे दिले की, भूमीखालील पाणी गुप्त असते. ते कोठून येते, कसे वळते, हे कोणास कळत नाही. म्हणून वरून वाहणाऱ्या ओढ्याचा नियम त्यास लावता येत नाही, आणि आपल्या जमिनीखाली जे सापडेल ते मालकाने घ्यावे. म्हणजे हक्काचा जन्म अज्ञानातून झाला. हेच तत्त्व १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात एका दृष्टांताच्या रूपाने येऊन बसले. हा कायदा १८९१ साली मुंबई इलाख्यास, म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्यासही, लागू झाला. आज खडकातील भेगांचा नकाशा काढता येतो, पाण्याची वाट शोधता येते. अज्ञान गेले, पण त्याच्या पोटी जन्मलेला हक्क मात्र हयात आहे. हक्काचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला खरा. परंतु २०१७ च्या जुलैमध्ये, प्लाचिमडा येथे कारखाना पुन्हा चालू करण्याचा आपला विचार नाही, असे कंपनीने तेथे सांगितले आणि प्रकरण मिटले. पाणी कोणाचे, याचे उत्तर त्या खटल्यातून मिळालेच नाही.

येथे जोतीराव फुले यांची आठवण येते. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी सुचविले होते की, जमिनीतील झरे कोठे आहेत हे सरकारने पाणाड्यांकडून शोधून काढावे आणि त्या जागा गावोगावच्या नकाशांत दाखवाव्यात. कायदा जेव्हा भूगर्भातील पाणी अज्ञेय म्हणून सोडून देत होता, त्याच सुमारास पुण्यात एक माणूस ते गावाच्या नकाशावर आणा म्हणत होता. नकाशावर आलेली वस्तू गावाची होते. मालकीच्या प्रश्नाचे मूळ जाणण्याच्या प्रश्नात आहे, हे फुल्यांनी ओळखले होते असे आम्हांस वाटते.

एवढे लिहून झाल्यावर आमच्या स्वतःच्या वर्तनाविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. आमची शाळा या जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. काही वर्षांपूर्वी तेथून दीड कोसावर बाटलीबंद पाण्याचा एक लहानसा कारखाना निघाला. उद्घाटनाच्या समारंभात मालकांस जे मानपत्र देण्यात आले त्याचा मसुदा आम्हीच लिहिला होता. त्यात भगीरथाची उपमाही होती. मालकांनी शाळेस थंड पाण्याचे एक यंत्र भेट दिले. ते आम्ही आनंदाने स्वीकारले. आमच्या आवारातील विहिरीच्या पूर्वी वैशाखात अकरा पायऱ्या उघड्या पडत. आता माघातच तळाचा कातळ दिसू लागतो. हे त्या कारखान्यामुळेच झाले असे आम्ही शपथेवर सांगू शकणार नाही, कारण त्याच काळात उसासाठीही पुष्कळ बोर मारले गेले, आणि त्यांतील एक आमच्या संस्थेच्या सभासदाचाच आहे. परंतु 'शपथेवर सांगता येणार नाही' हीच तर या प्रकरणातील मेख आहे. किती उपसले याची मोजणी उपसणाऱ्याच्या हाती. ज्याची विहीर आटली त्याच्या हाती दोर आणि रिकामा पोहरा. पुरावा मात्र दुसऱ्याने द्यावयाचा. पेरुमाट्टी पंचायतीनेही प्रथम परवाना दिलाच होता. गावात चार रोजगार येतील ही आशा तेथेही होतीच. फरक एवढाच की तिने तीन वर्षांनी आपला शब्द मागे घेतला. आमचे मानपत्र अजून चौकटीत लटकत आहे.

प्लाचिमड्याची हकीकत एकतर्फी सांगितली जाते, असा आक्षेप घेणारे म्हणतात की २००२ व २००३ ही दोन्ही वर्षे कमी पावसाची होती आणि विहिरी त्यामुळे आटल्या. पाऊस कमी होता हे खरे आहे. पण ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी गावाने काटकसर करावी आणि कारखान्याचा उपसा मात्र चालू राहावा, हे त्या युक्तिवादातून कसे निघते? अवर्षण हे उपशाच्या विरुद्धचे कारण आहे, त्याच्या बाजूचे नव्हे. दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे, आणि तो आमच्याच मंडळींकडून येतो: हे पुस्तक चळवळीचे, म्हणून प्रचारी. 'प्रचार' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जे लेखन आपला निष्कर्ष आधी ठरवून मग अनुभव गोळा करते, ते प्रचारी. येथे क्रम उलटा आहे. आधी भात नासला. घोषणा मागाहून आली.

नुकसानीचे पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. केरळ शासनाने नेमलेल्या उच्चाधिकार समितीने २०१० साली एकूण हानी सुमारे २१६ कोटी रुपयांची ठरविली. या समितीचे अध्यक्ष के. जयकुमार हे मल्याळमचे नामवंत कवी व गीतकार, आणि पुढे तेथील मल्याळम विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले गृहस्थ. एका कवीच्या अध्यक्षतेखाली खारावलेल्या विहिरींची किंमत आकड्यांत मांडली जावी, हा योग विलक्षण खरा. २०११ च्या फेब्रुवारीत केरळ विधानसभेने भरपाईसाठी विशेष न्यायाधिकरण स्थापण्याचे विधेयक संमत केले. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

आता मराठीविषयी. पाण्याचा विषय मराठी वाङ्मयास परका नाही. अस्पृश्यतेच्या संदर्भात पाणवठा आपल्या साहित्यात वारंवार आला आहे, आणि धरणाने उठविलेल्या माणसांचे दुःख विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'त आहे. पण धरणाचे पाणी दिसते. त्याखाली गेलेले देऊळ दिसते. जे पाणी दिसतच नाही, जे न दिसताच निघून जाते, त्याची कथा कशी सांगावी हा निराळा प्रश्न आहे, आणि मयिलम्मेच्या पुस्तकात त्याचे एक उत्तर आहे: ते पाणी ज्या भांड्यात पडते त्या भांड्याकडे पाहा. म्हणून हे पुस्तक इंग्रजीच्या आधाराने नव्हे, तर थेट मल्याळममधून मराठीत यावयास हवे, आणि आमच्या अकादमीने ते काम हाती घ्यावे अशी आमची सूचना आहे.

अनुवादकापुढची अडचण आम्ही आताच सांगून ठेवतो. प्लाचिमडा हे सीमेवरचे गाव. तेथील आदिवासींच्या बोलण्यात तमिळ आणि मल्याळम एकमेकांत मिसळतात, आणि ते बोलणे यांपैकी कोणत्याच राजधानीच्या पुस्तकी भाषेशी जुळत नाही. तेव्हा मयिलम्मेने मराठीत कसे बोलावे? पुण्याच्या प्रमाण मराठीत तिला बोलावयास लावले तर तिची साक्ष पुन्हा एकदा कचेरीतील कारकुनाच्या हातची होईल. आम्हांस वाटते की, तिचे मराठी येथलेच असावे. कानडी हेल असलेले, 'आमच्या हिरीचं पाणी खाली गेलं बगा' असे म्हणणारे. सीमाभागातील आमच्या शाळांतून अशा बोलणाऱ्या मुली आठवीच्या वर्गात बसलेल्या आहेत, आणि त्यांच्या निबंधांतील ती वाक्ये आम्ही गेली तीस वर्षे तांबड्या शाईने दुरुस्त करीत आलो आहोत. मल्याळम व मराठी दोन्ही जाणणारा अनुवादक मिळाल्यास, त्याच्याशेजारी या मुलींच्या आयांपैकी दोघीतिघींना बसवावे आणि मसुदा त्यांच्यापुढे मोठ्याने वाचून घ्यावा. खर्चाची व बैठकीच्या जागेची सोय आमची शाळा करील. विहिरीजवळचा वर्ग दुपारी मोकळा असतो.